भावोजी आणि तळ्यातल्या बाईसाहेब

थेम्सच्या खोऱ्यातल्या बहुतेक माशांशी माझ्या भावोजींची वैयक्तिक ओळख होती आणि त्यांतला एकही त्यांनी कधी खाल्लेला नव्हता. माझ्या थोरल्या बहिणीचे हे यजमान मूळचे साताऱ्याचे. एकोणीसशे ऐंशीच्या सुमारास इंग्लंडला आले, मेडनहेडला घर केलं आणि जवळच्या एका हॉस्पिटलात भूलतज्ज्ञ म्हणून चिकटले. ताई म्हणायची, घरी आले तरी त्यांची प्रॅक्टिस चालूच असते, दहा मिनिटं बोलले की पाहुणा पेंगतो. शाकाहार इतका कडक, की ‘ह्या केकमध्ये अंडं आहे का’ हे विचारून विचारून त्यांनी तिथल्या नर्सेसना वाढदिवस साजरे करण्याचीच धास्ती घातली होती. असा माणूस शनिवार-रविवार उजाडला की हिरवं जाकीट आणि साताऱ्याहून आलेली माकडटोपी चढवून, घडीची खुर्ची काखेत मारून मासे धरायला जायचा, हे सांगितलं तर पुण्यात आमच्या माहेरी कुणाला खरं वाटत नसे. खरं वाटू नये अशीच ताईचीही इच्छा असे.

हा नाद त्यांना लावला हॉस्पिटलातल्या एका सर्जननं. इथे गोड्या पाण्यातला मासा धरायचा, त्याचं कौतुक करायचं, हवं तर वजन करायचं आणि परत पाण्यात सोडून द्यायचा, ही रीत ऐकल्यावर भावोजींना इंग्रजांच्या संस्कृतीबद्दल पहिल्यांदा आदर वाटला. “पकडतो, तपासतो, घरी पाठवतो,” ते आम्हाला समजावत. “माझं क्लिनिकच आहे ते. फक्त वेटिंग लिस्टवर मी असतो.” माशाच्या तोंडातून गळ काढायला त्यांच्याकडे लांब चिमटे होते, आणि ते काम ते अशा हलक्या हातानं करत की बघणाऱ्याला आपलाच दात काढून घ्यावासा वाटावा. प्रत्येक जातीशी त्यांचा वेगळा शिष्टाचार होता. पर्च नावाचा एक लहानसा मासा असतो, अंगावर काळे पट्टे, पंख लाल, पाठीवर काटा कायम उभारलेला. त्याला ते ‘सोसायटीचे सेक्रेटरी’ म्हणत आणि अरे-तुरे करत. पण पाइक आला की आवाज खाली येई. पाइक म्हणजे सुसरीच्या जबड्याचा, पिवळ्या ठिपक्यांचा लांबलचक हिरवा मासा, त्या पाण्यातला वाघच. त्यांतल्या मोठ्या असतात त्या माद्या, म्हणून भावोजी त्यांना ‘बाईसाहेब’ म्हणत. सोडताना दोन्ही हातांनी पाण्यात धरून ठेवत, तिचे कल्ले नीट हलायला लागले की म्हणत, “सावकाश जा हं. घाई नाही.” ऑपरेशननंतर शुद्धीवर येणाऱ्या माणसांशी ते ह्याच आवाजात बोलत असणार.

घरी आल्यावर मात्र ताईचं राज्य. गॅरेजमध्ये कपडे उतरवायचे, तिथूनच थेट आंघोळीला जायचं आणि मग देवघराकडे बघायचं. स्मशानातून आलेल्या माणसालाही एवढा जाच नसेल. माझी भाची मीरा इथेच जन्मलेली, तिचं मराठी तिच्या सोयीचं. मी फोन केला की ती सांगायची, “मावशी, बाबाचा आंघोळ झाला. आता तो देवाला चालतो.”

ताईची खरी फजिती झाली ती एका पाडव्याला. छोट्या माशांसाठी आमिष म्हणून जिवंत अळ्या लागतात, त्या दुकानात लाल रंग दिलेल्याही मिळतात, आणि त्या मरू नयेत म्हणून थंड जागी ठेवाव्या लागतात. भावोजींनी त्या श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यात भरून गॅरेजमधल्या जुन्या फ्रिजमध्ये ठेवल्या. पाडव्याला तिथल्या महाराष्ट्र मंडळातली माणसं जेवायला आली होती. श्रीखंड कमी पडतंय म्हणून वॉटफर्डच्या एका काकू मदतीच्या उत्साहात गॅरेजमध्ये गेल्या. किंचाळणं वगैरे काही झालं नाही. त्या डबा घेऊन स्वयंपाकघरात आल्या, झाकण उघडून ताईसमोर धरलं आणि शांतपणे म्हणाल्या, “अगं, तुझं केशर हलतंय.” पुढे वर्षभर ताई मंडळाच्या एकाही कार्यक्रमाला गेली नाही. नवरा मासे धरतो हे कळलं ह्याची तिला जेवढी लाज वाटली, त्याहून जास्त लाज आपल्या श्रीखंडाला आता कुणी हात लावणार नाही ह्याची वाटली. भावोजी मात्र दुखावले होते ते वेगळ्याच कारणानं. अळ्या गरम स्वयंपाकघरात राहून मेल्या होत्या.

हे सगळं मी हसत सांगते आहे, पण एक गोष्ट हसण्यासारखी नव्हती. माझा नवरा रवी वेंगुर्ल्याचा, म्हणजे ज्या दिवशी घरात मासे नाहीत तो दिवस उपासाचा. आमचं लग्न आम्हीच जमवलेलं. पुण्याच्या कार्यालयात पंगत चालू असताना भावोजी कुणाला तरी म्हणाले, “मुलगा हुशार आहे, प्रश्नच नाही. घराला वास तेवढा येणार.” भूलतज्ज्ञाचा आवाज एरवी खालचा, पण त्या दिवशी नेमका सनई थांबल्यावर तो उमटला. माझ्या सासूबाई दोन पाटांपलीकडे बसल्या होत्या. त्यांनी ऐकलं की नाही, हे मला कधी विचारवलं नाही. पुढे आम्ही बेसिंगस्टोकला आलो, रवीला तिथल्या एका कंपनीत सॉफ्टवेअरचं काम मिळालं, येणंजाणं सुरू झालं. भावोजी आमच्याकडे येताना स्वतःचा डबा आणत. चहा घेत, तोही पातेल्याची चौकशी करून. रवीला ते ‘रवींद्रराव’ म्हणत आणि त्यातला ‘राव’ जरा लांबवत.  रवी त्यांना ‘डॉक्टर’ म्हणायचा आणि चहा नेऊन द्यायचा.

दोन हजार पाच-सहा साल असेल, एप्रिलचा पहिला पंधरवडा. त्या दिवसांत नद्यांवर गळ टाकायला बंदी असते, माशांचा विणीचा हंगाम म्हणून. मग भावोजी त्यांच्या क्लबच्या तळ्यावर जात. जुन्या खाणीत पाणी भरून झालेलं तळं, काठाला वाळकी लव्हाळी, मधूनच एखादं हंसाचं घरटं. अशा एका रविवारी दुपारी आमच्या दाराची बेल वाजली. दारात भावोजी, अंगात नुसता शर्ट, बाहेर बोचरं वारं. आत या म्हटलं तरी येईनात.

“वसू,” ते म्हणाले, “माझ्या हातून गेली गं.”

 पहिल्यांदा ताई डोळ्यांसमोर आली, मग ऑपरेशन टेबलावरची कुणीतरी अनोळखी बाई. मी कोण, कोण म्हणून विचारत राहिले. ते मला गाडीकडे घेऊन गेले आणि डिकी उघडली. आत त्यांच्या हिरव्या जाकिटात गुंडाळलेली पाइक होती, हातभराहून बरीच लांब, पोट टम्म फुगलेलं. जबडा किंचित उघडा, आणि जाकिटाच्या अस्तरावर रक्त.

झालं होतं ते असं. आदल्या रात्री इमर्जन्सी केस निघाल्यामुळे झोप झाली नव्हती. सकाळी गळ टाकून ते खुर्चीत बसले, ऊन अंगावर आलं आणि त्यांचा डोळा लागला. पाण्यावर तरंगणारं बूच बुडालं तरी कळलं नाही. मासा लगेच ओढला तर गळ ओठात असतो, काढता येतो. ह्यांना जाग येईपर्यंत तिनं आमिष पार आत गिळलं होतं. भावोजींनी चिमटे घातले, तार कापली, पाण्यात धरून ठेवली, ‘सावकाश, सावकाश’ म्हणत राहिले, पण कल्ल्यांतून रक्त थांबेना आणि ती त्यांच्या हातातच थंडावली. तळ्याच्या राखणदाराला त्यांनी स्वतः जाऊन सांगितलं. तो म्हणाला, असं होतं कधीकधी, इथे सडू देऊ नका, घेऊन जा.

“आयुष्यभर एकच काम केलं,” भावोजी डिकीकडे बघत म्हणाले. “दुसऱ्याला झोपवायचं आणि आपण जागं राहायचं. आणि मी झोपलो.”

खरं सांगायचं तर पातेल्याची चौकशी करणाऱ्या ह्या माणसाला एकदा तरी खाली मान घालून आमच्या दारात उभं बघावं, असं मला कितीदा वाटलं होतं. आता बघितलं, तर मान वर करायची हिंमत मलाच होईना. एवढ्यात रवी बाहेर आला. त्यानं डिकीत बघितलं. भावोजी त्याला म्हणाले, “रवी, फेकवत नाही रे. पुरायला गेलो तर तेही नाटकच वाटलं. तुला ह्यातलं कळतं. तूच काय ते कर.” ‘राव’ गळून पडला होता, बहुधा त्यांच्याही लक्षात न येता.

रवीनं परसात वर्तमानपत्रं पसरली आणि मासा साफ करायला घेतला. भावोजी पाठ फिरवून उभे राहिले, पण आत जाईनात. पोट फाडल्यावर रवीचा हात थांबला. “गाबोळी आहे,” तो हळूच म्हणाला. त्यांच्याकडे माशाच्या अंड्यांना गाबोळी म्हणतात, आणि एरवी ती मिळाली की तो पोरासारखा खूश व्हायचा. हा शब्द भावोजींना माहीत नव्हता, पण अर्थ कळायला त्यांना भाषांतर लागलं नाही. ते बागेतल्या ओल्या बाकावर खाली बसले.

नदी-तळ्याच्या माशाला चिखलाचा वास येतो म्हणून रवीनं सढळ हातानं तिरफळं घातली, कोकमाची सोलं घातली, सासूबाईंनी पाठवलेला मसाला काढला. मी भावोजींसाठी निराळा वरण-भाताचा कुकर लावला. पानं मांडली तेव्हा ते म्हणाले, मलाही तेच वाढ. मी म्हटलं, भावोजी, हा कसला हट्ट, कुणी सांगितलंय तुम्हाला? त्यावर त्यांचं उत्तर एवढंच, की मारली आहे तर निदान तोंड फिरवून बसणार नाही.

पाइकमध्ये काटे फार, आणि बारीक, दोन फाट्यांचे. साठीला आलेला तो माणूस ताटाकडे नुसता बघत होता, कुठून सुरुवात करावी हेच त्याला कळत नव्हतं. रवी त्यांच्या शेजारी सरकला. लहान मुलाला भरवताना निवडतात तसा त्यानं एकेक काटा काढून ताटाच्या कडेला लावला आणि निवडलेला घास त्यांच्या भातावर ठेवला. भावोजींनी तो खाल्ला. डोळ्यांत पाणी आलं, ते तिखटाचं म्हणून आम्ही तिघांनीही मान्य केलं.

ताटाच्या कडेला काट्यांची रांग लागली. मग भावोजींनी मान वर न करता विचारलं, “लग्नात मी एक वाक्य बोललो होतो. तुझ्या आईनं ऐकलं होतं का?”

“ऐकलं होतं,” रवी म्हणाला.

“मग? काय म्हणाल्या?”

रवीनं आणखी एक काटा काढला. “काही नाही. मागे ती इथे आली होती, तेव्हा ताईंनी तुमच्याकडे बोलावलं होतं तिला. ती नाही म्हणाली. मला म्हणाली, डॉक्टरांचं घर सोवळ्यातलं. माझ्या लुगड्याला वास येत असेल तर मला मेलीला कळायचं नाही, आणि ते बिचारे सांगायचे नाहीत.”

हे मलाही माहीत नव्हतं. मला त्यांनी गुडघे दुखतात असं सांगितलं होतं. भावोजींनी पुढचा घास उचलला, तो खाली ठेवला, पुन्हा उचलला. ताटात वाढलेलं सगळं त्यांनी संपवलं. जाताना हात धुवायचे विसरले, किंवा धुतले नाहीत. ताईनं नंतर सांगितलं, की त्या दिवशी ते गॅरेजमधून न जाता पुढच्या दारानं तसेच आत आले, दिवाणखान्यात बसून तिला सगळं सांगितलं आणि मगच उठले. तीही आंघोळीचं काही बोलली नाही.

त्या वर्षी डिसेंबरात ते भारतात गेले. साताऱ्याला भावाकडे जातो म्हणून गेले आणि तिथून एकटेच एसटीनं वेंगुर्ल्याला पोचले. आम्हाला पत्ता लागला तो सासूबाईंच्या घरून फोन आला तेव्हा. पलीकडे भावोजी होते, आवाज घोगरा.

“वसू, मी मनाची तयारी करून आलो होतो. म्हटलं, काय वाढतील ते खायचं आणि पाय धरायचे. साताऱ्याहून ‘येतोय’ एवढंच पत्रानं कळवलं होतं मी, तर तुझ्या सासूबाईंनी तिथे फोन करून मी कधी येतोय ते आधीच विचारून घेतलेलं. दोन दिवस घरात मासळी आणली नाही. माझ्यासाठी नवीन पातेली घेतली गं बाजारातून, पानावर बसल्यावर त्याची पावतीसुद्धा दाखवली मला, शंका नको म्हणून.”

 मी विचारलं, माफीचं बोललात का त्यांच्याशी? ते म्हणाले, दोनदा सुरुवात केली, दोन्ही वेळा त्यांनी पानात भात वाढला.

 फोनवर नुसती लांबची खरखर, कुठेतरी माडांचा आवाज, कुणीतरी अंगण झाडत होतं. मग मागून सासूबाईंचा आवाज आला, “डॉक्टरांनू, चाय घेतल्यात काय?”

“घेतो, आई,” भावोजी म्हणाले, आणि फोन खाली ठेवायचा विसरून तसेच आत गेले.