डेलमारने बांधलेला फास

आमच्या विस्कॉन्सिनच्या गावात धनुष्याच्या दोरीवरचा छोटा फास, ज्यात हातातला चाप अडकवून दोरी ओढतात तो, शेजारचा डेलमारच सगळ्यांना बांधून द्यायचा. एकदा ऐन ताणात त्याचाच झिजलेला फास तुटला आणि ओढणारी मूठ त्याच्याच दातांवर बसली.

"हरिण उभंच, तू मात्र आडवा," मी म्हणालो.

"हस लेका. तुझाही फास मीच बांधतो."

तेव्हापासून दर शिकारीच्या हंगामाआधी तो जुने फास कापून नवे बांधी.

यंदा तो नाही. माझ्या फासाचे धागे सुटलेत, पण त्याच्या हातचा म्हणून कात्री चालवेना.

"त्यानं तुझे कान उपटले असते, दे इकडे," म्हणत त्याच्या बायकोने, आर्लीनने, तो कापला. नवा मी बांधला. ओढून पाहायला मात्र दोघांपैकी कुणीच पुढे होईना.