सातवं वलय

सागाच्या खोडात गिरमिट फिरवायला ताकदीपेक्षा चिकाटी जास्त लागते. सालेकशाच्या जंगलात मी ते काम दोन उन्हाळे केलं. दोन हजार पाच-सहाची गोष्ट. नागपूरच्या कॉलेजात संशोधनाला नाव घातलं होतं आणि विषय होता सागाची वाढ. पोकळ गिरमिट बुडाशी आत घालायचं, गाभ्यापर्यंत न्यायचं आणि पेन्सिलीएवढी लाकडाची काडी बाहेर ओढायची. त्या काडीवर दर वर्षाची एक रेघ असते. पाऊस चांगला झाला की वलय रुंद, नाही झाला की बारीक.

सोबतीला बाबा असायचे. वनमजुरीत त्यांचं आयुष्य त्याच जंगलात गेलं. ही लागवडही त्यांच्याच हातची, माझ्या जन्माच्या पावसाळ्यातली. त्यामुळे मोजणी सोपी होती. पहिलं वलय म्हणजे माझं पहिलं वर्ष.

"एवढा शिकला अन् झाडाले सुया टोचून राहिला," असं ते रोज एकदा तरी म्हणायचे. पण मी काडी काढली की पुढे होऊन भोकात मेण आणि हळद कोंबायचे. झाड आपली जखम आपणच बुजवतं, याची गरज नाही, असं आमच्या सरांनी त्यांना समजावलं होतं. बाबांनी मान डोलावली आणि हळदीची पुडी पुन्हा खिशात ठेवली. "बैलाची जखम उघडी ठेवत नाही आपन. मंग हे काऊन ठेवाचं?"

मी सहा वर्षांचा होतो, नुकताच पहिलीत गेलो होतो, त्या पावसाळ्यात माझी धाकटी बहीण तापानं गेली. दोन वर्षांची होती. घरात तिचा विषय निघाला की एकच वाक्य यायचं, "दुकाळात गेली." पाऊस नव्हता, घरात दाणा नव्हता, पोरीच्या अंगात जोर नव्हता. मला त्या वर्षातली फक्त नवी पाटी आठवते. बाकीचं मी ऐकलं तसं पाठ केलं होतं.

नागपूरला काड्या घासून भिंगाखाली धरल्या. ती गेली तेव्हा मला सातवं वर्ष चालू होतं, म्हणून सातवं वलय मोजून काढलं, तर ते सगळ्यांत रुंद होतं. आठवं मात्र केसासारखं बारीक. मी दुसरी काडी घेतली, मग तिसरी. सगळीकडे तेच. माझंच वर्ष चुकलं असेल म्हणून ट्रंकेतून शाळेचा दाखला काढून पाहिला. वर्ष बरोबर होतं. दुकाळ पडला होता, पण ती गेल्यानंतरच्या साली.

मला काहीच वाटलं नाही. वाटायला हवं होतं, हे कळत होतं. मी वहीत 'सातवं, रुंद' असं लिहिलं आणि मेसमध्ये जाऊन जेवलो. भाजी कसली होती तेही आठवतं, वांग्याची.

पुढच्या खेपेला जंगलात शिदोरी सोडली तेव्हा मी बाबांना सरळ म्हटलं, "बाबा, ती गेली ते साल दुकाळाचं नव्हतं."

त्यांनी घास खाली ठेवला. "झाडं म्हनतात का?"

"हो."

त्यांनी हळदीचे पिवळे हात चोळले. मग बोलले. "पानी लय होता त्या साली. नाला भरून चालला होता अन् दवाखाना पल्याड. मी म्हनलो, खांद्यावर घेऊन उतरतो. तुही माय म्हने, नोको, दोघंबी जासान, उद्या पानी उतरन. दोन दिवस उद्या-उद्याच झालं. पोरगी गेल्यावर तुही माय जेवेच ना. मीच अडवली, मीच अडवली, एवढंच म्हने. पुढच्या साली दुकाळ पडला. तवापासून मी दुकाळात गेली, दुकाळात गेली म्हनाले लागलो. आधी ती आयकून घे. मंग तीबी तसंच म्हनाले लागली."

"तिला खरंच तसं वाटतं?"

"आता मलेबी वाटते कधी कधी. तिले सांगू नोको, बाबू."

संध्याकाळी घरी आलो. माय अंगणात वाळवलेली मोहाची फुलं गोळा करत होती. गिरमिटाची पिशवी मी भिंतीला टेकवली. तिनं सहज विचारल्यासारखं विचारलं, पण हात थांबवले होते.

"काय बाबू, झाडायले सारंच समजते म्हनं. आपल्या पोरीचं साल बी निघालं का?"

बाबा पाय धुवायला रांजणाकडे गेले होते. तांब्या त्यांच्या हातात भरलेला तसाच राहिला.

"निघालं," मी म्हणालो.

"मंग?"

"दुकाळच होता माय. एवढुसं वलय हाय. झाडंबी वाढली नाही त्या साली."

"बघा," ती बाबांना म्हणाली, "मी म्हनतच होती." आणि खाली बसून पुन्हा मोह वेचायला लागली.

बाबांनी पायावर पाणी ओतलं. मला तेव्हाही रडू आलं नाही. प्रबंधात सातवं वलय रुंदच लिहिलं आहे. घरात ते बारीक आहे.