बांधीचा तळ

हे सांगणं मी आजवर टाळत आलो. निवृत्तीनंतर संगणकावरचं काम का सोडलं, असं कुणी विचारलं की डोळ्यांचं कारण पुढे करायचो. माझे डोळे चांगले आहेत.

मातीतून पाणी कसं झिरपतं आणि त्यातले क्षार कुठे साचतात, याचं गणित संगणकावर मांडणं हे माझं काम. माझ्या मोठ्या बहिणीची, बाईची, बिरसीजवळ धानाची बांधी होती. तिथे बोर मारलं तेव्हा तिने बाटलीभर पाणी माझ्याकडे पाठवलं. तिला उन्हाळी धान लावायचं होतं. पाण्यात सोडा, म्हणजे जमीन बिघडवणारा क्षार, बराच निघाला. पण संगणकावर उन्हाळ्यात चढलेले क्षार पावसाळ्यात धुऊन खाली जात होते. मी लाव म्हणालो. माझ्या भावाच्या कम्प्युटरनं पाणी पास केलं, असं ती गावभर सांगत फिरली.

काही वर्षांनी तिच्याकडे गेलो तर शेताचं नावच काढेना. एकटाच बांधीवर गेलो. आधी वाटलं, चुकीच्या शेतात आलो. जमीन पांढरी पडलेली, मधेमधे तेल सांडल्यासारखे काळे डाग. कुदळ मारली तर वीतभर खाली टणकन वाजली.

तो दगड नव्हता. बांधीत पाणी टिकावं म्हणून दरवर्षी चिखल करून घट्ट झालेला तो थर होता. लहानपणी तो चिखल मीही तुडवला होता. आणि संगणकावर मी तळ मोकळा ठेवला होता, म्हणजे पाणी खाली निचरून जातं असं धरलं होतं. प्रोग्राममध्ये तो पर्याय आधीच निवडलेला असतो. मी त्याला हातही लावला नव्हता.

घरी येऊन तळ बंद केला, गणित पुन्हा चालवलं. क्षारांची रेष वर चढत गेली ती खाली आलीच नाही.

दुसऱ्या दिवशी सगळं सांगायचं ठरवून तिच्याकडे गेलो. चहा ठेवता ठेवता तीच आधी बोलली.

"रागावू नको भाऊ. तुनं चांगलंच सांगतलं होतं. युरिया मीच जादा टाकला, जमीन मीच खराब केली. तुहे भाटवे रोज टोमणे मारतेत."

भाटवे, म्हणजे तिचे यजमान, समोरच खाटेवर बसले होते. "शिकलेल्या भावाचं तरी आयकाव ना मानसानं," ते म्हणाले.

मी तिला बोरचं पाणी बंद करायला सांगितलं, जिप्सम टाकायला सांगितलं. जिप्सम हा सोड्यावरचा उतारा.

"काऊन गा?"

"युरियाचा दोष निघून जाईल," मी म्हणालो.

गेल्या हिवाळ्यात ती गेली. तेराव्याला भाटव्यांनी पाहुण्यांना पुन्हा तीच युरियाची गोष्ट ऐकवली आणि मी मान खाली घालून जेवत राहिलो. बाई, जमीन माह्या सांगण्यानं गेली. तुहा काही दोष नव्हता. मले माफ कर.