न उचललेला कप

आमच्या अरब मुख्याध्यापकांनी रिवाजाप्रमाणे कॉफी दिली. रजा मागायला आलेल्या, माझ्यासोबत शिकवणाऱ्या सुदानी मास्तरांनी कपाला हातच लावला नाही. "प्या, मंजूर," मुख्याध्यापक हसले.

इथली रीतच आहे. मागणं असलेला पाहुणा शब्द मिळाल्याशिवाय कॉफी पीत नाही. तसाच उठला, तर यजमानाची अब्रू जाते.

मुलीच्या साखरपुड्यासाठी रजा मागताना मी कप एका घोटात संपवून तासभर भांडलो होतो. रजा मिळाली नाही.

"आठ वर्षांत सांगितलं नाहीत?" मी मास्तरांवर उखडलो.

"उस्ताद, तुम्ही बोलू कधी देता?"

मागायचं तर आवाज चढवायचा, हे मी गावाकडच्या बाजारात शिकलो. इथे मागणारा गप्प बसतो आणि देणाराच अस्वस्थ होतो.

साखरपुडा काल मोबाइलवर पाहिला. "बाबा, काहीतरी बोला ना," मुलगी म्हणाली. मला एकही शब्द सुचला नाही.