औषध नाही असं सांगणारी बाई

शशिकलाअक्का गेल्याचं तिच्या धाकट्या भावानं, बसूनं, मला फोनवर सांगितलं तेव्हा त्याच्या पाठीमागे माग खडखडत होते. कबनूरला त्यांच्या घरात खाली यंत्रमाग आणि वर राहायच्या खोल्या. "ताई, अक्का गेली की ओ... चहा घेतला आणि खुर्चीत बसल्या बसल्याच..." मग एकदम त्यानं विचारलं, "माग बंद करू काय?" मी म्हटलं, बंद कर.

याला आता दीड महिना झाला. रडू ओसरलं, पण राग काही ओसरत नाही. राग तिच्या जाण्याचा नाही, कॉलेजनं घेतलेल्या शोकसभेचा आहे. आमचे निवृत्त विभागप्रमुख माइकवर म्हणाले, "शशिकला मगदूम मॅडम म्हणजे शांत, मितभाषी व्यक्तिमत्त्व. त्यांनी कधी कुणाला दुखावलं नाही." समोर तिचा फोटो, फोटोला हार, आणि सगळ्यांच्या माना डोलतायत. जिनं आयुष्यभर लोकांना नको ती खरी गोष्ट तोंडावर सांगितली, तिला मेल्यावर शांत करून टाकलं!

आम्ही दोघींनी कोल्हापूरच्या एकाच कॉलेजात वीस-बावीस वर्षं वनस्पतिशास्त्र शिकवलं. मी शिकवून घरी जायचे. ती शिकवून झाल्यावर मागच्या अंगणातल्या जाळीघरात जायची. तिथं तिनं मिरचीची आजारी रोपं मुद्दाम सांभाळली होती. पानं आक्रसून वाटीसारखी वळलेली, शेंडा खुरटलेला. शेतकरी याला चुरडामुरडा म्हणतात. हा रोग करणारा विषाणू झाडाच्या पेशीत शिरून स्वतःच्या प्रती कशा काढतो, एवढ्या एका प्रश्नावर ती अर्धं आयुष्य बसली.

मला ते तिनंच नीट समजावलं. हा विषाणू म्हणजे डीएनएच्या एकेरी धाग्याची इवलीशी बांगडी. प्रत काढायचं यंत्र त्याच्याकडं नसतंच. तो पेशीच्या केंद्रकात शिरतो आणि झाडाचीच विकरं त्या एकेरी धाग्याला जोडीचा दुसरा धागा विणून देतात. मग विषाणूचं एक प्रथिन बांगडीतला एक धागा ठरलेल्या जागी कापतं. कापलेलं टोक सुटत जातं, त्याच्या जागी नवा धागा भरत जातो, बांगडी गोल फिरल्यासारखी होते, आणि प्रत्येक फेरीला एक नवी बांगडी गळून पडते. वाढ संपवून स्वस्थ बसलेल्या पेशीलाही तेच प्रथिन फसवतं आणि डीएनएच्या प्रती काढायला पुन्हा कामाला लावतं. मागवाल्यांच्या घरात वाढलेली अक्का म्हणायची, "निमे, ह्यो पावणा नुसती डिझाइन घिऊन येतोय बघ. माग आपला, सूत आपलं, कामगार बी आपलाच."

काही वर्षांपूर्वी कॉलेजात शेतकरी मेळावा झाला. खर्च एका औषधविक्रेत्यानं केला होता. त्याच्या बाटल्या दारातच मांडलेल्या, वर फलक, 'विषाणूचा समूळ नायनाट'. अक्काला दहा मिनिटं बोलायला दिली होती. जोतिबाच्या डोंगराखालच्या एका गावातून हौसाबाई नावाच्या बाई आल्या होत्या. भाषण संपताच त्या पिशवीतून बाटली काढून उभ्या राहिल्या. "मॅडम, चारदा मारलंय मी हे. पानं काय सरळ हुईनात. मग ह्यानं हुतंय तरी काय?"

"बाटली रिकामी हुतीय," अक्का म्हणाली. "दुसरं काय न्हाय."

सभागृह हसलं. अक्का हसली नाही. "बाई, त्या विषाणूकडं सोताचं यंत्रच न्हाय, तर ही बाटली मोडणार काय? झाडाच्याच यंत्रावर चाललंय त्याचं. ते बंद पाडायचं तर झाड मारावं लागंल. लागलेल्या झाडाला औषध न्हाय. रोप लहान असताना जाळीखाली ठेवा, पानाखाली बसणारी पांढरी माशी ह्यो रोग पसरवती, ती आवरा, आजारी झाड दिसलं की उपटा. आणि हे बाहेर मांडलंय ते..."

तिथं माइक बंद झाला. विभागप्रमुखांनी स्वतः उठून बंद केला. अक्का दोन पावलं पुढं आली आणि माइकशिवाय, कोल्हापुरी आवाजात, वाक्य पुरं केलं, "...ते खोटं हाय!"

पुढच्या मेळाव्यापासून तिचं नाव पत्रिकेवर आलं नाही. इतकंच असतं तर तिनं ते हसण्यावारी नेलं असतं. पण सुट्टीत ती आईला घेऊन गगनबावड्याला गेली होती, तेव्हा विभागप्रमुखांच्या आदेशानं 'परिसर स्वच्छता' म्हणून जाळीघर मोकळं करण्यात आलं. पाच हंगाम जपलेली, प्रत्येक झाडाला चिठ्ठी बांधलेली रोपं उपटून खतखड्ड्यात. परत आल्यावर ती खड्ड्याशी उभी होती. हातात एक वाळलेली काडी, चिठ्ठीवरची शाई पुसलेली. तिनं मला एवढंच विचारलं, "निमे, तू हुतीस की हितं. कुणीच काय बोललं न्हाय?"

मी होते. मी बोलले नाही. माझी पदोन्नती अडली होती, विभागप्रमुखांच्या सहीसाठी... आता हे लिहायलाच हवं. राग फक्त त्यांच्यावर काढला तर तोही खोटाच.

म्हणून शोकसभेत मी उठले. "मगदूम मॅडम शांत नव्हत्या," मी म्हटलं. "त्यांनी दुखावलंय. ज्यांना दुखावलंय त्यातले दोघं इथंच बसलेत, आणि त्यातली एक मी आहे." प्राचार्य हळूच म्हणाले, "मॅडम, आज नको." मी म्हटलं, "त्या दिवशी नको, आज नको, मग कधी?" आणि मेळाव्यापासून खतखड्ड्यापर्यंत सगळं सांगितलं. कुणी माइक बंद केला नाही. निवृत्त विभागप्रमुख चष्मा पुसत राहिले. सभा संपल्यावर एका तरुण प्राध्यापिकेनं जिन्यात गाठून विचारलं, "मॅडम, त्यांच्या रोपांच्या नोंदींच्या वह्या कुठं आहेत?"

त्या वह्यांसाठी मी परवा कबनूरला गेले. बसूनं गठ्ठा बांधूनच ठेवला होता. आम्ही अक्काच्या खोलीत बसलो होतो, तेवढ्यात तिचा फोन वाजला. तो त्यांनी अजून बंद केलेला नाही. बसू सातवी शिकलेला, जन्म मागावर गेलेला; शेतकऱ्यांना अक्का फोनवर काय सांगायची ते मात्र त्यानं रोज ऐकलेलं. त्यानं फोन उचलला आणि मी ऐकत राहिले.

"व्हय, अक्काचाच नंबर... न्हाय ओ, अक्का आता न्हाईत. मी भाऊ बोलतोय." पलीकडच्या शेतकऱ्याचं मिरचीचं गाऱ्हाणं त्यानं ऐकून घेतलं. मग खुर्चीवर सरसावून बसला. "थांबा, फवारू नका. पान उलटं करा आदी. खालनं काय दिसतंय, सांगा बघू."