राजपुत्राला आई होती का?

मी बोलतो कमी. त्याचा एक फायदा होतो, दुसऱ्यांचं बोलणं पोटात साठत जातं. पूर्णा स्टेशनसमोर शांताबाईंची चहाची टपरी आहे, तिच्या बाहेर एक बाक आहे. रिटायर झाल्यापासून आम्ही तिघं त्यावर बसतो. मी गेटमन होतो, फाटक लावायचो आणि उघडायचो. सोपान कीमन, म्हणजे रोज रुळावरून चालत, रूळ घट्ट धरणारी एकेक लोखंडी चावी सैल झाली का ते बघणारा. आणि खाजाभाई पॉइंट्समन, रुळांचे सांधे बदलून गाडी दुसऱ्या रुळावर घेणारे. एक किस्सा सांगायला घेतला की मागचे चार धक्का मारायला लागतात, एवढे साठलेत. पण यंदाचे सगळे एकाच राजपुत्राचे आहेत!

माझी नात आरती चित्रं काढते. तिनं एक कॉमिक केलं. एक साधा माणूस ट्रकखाली जातो आणि आकाशातल्या राज्यात राजपुत्र तेजकेतू म्हणून जन्माला येतो. मागच्या जन्मातलं सगळं त्याला आठवतं. पुण्याच्या एका प्रकाशक बाईंनी ते वाचून कळवलं, "कल्पना छान आहे, पण वाया गेली. माणसं कच्ची आहेत. दोन महिन्यांत सुधारून पाठवा, मग बघू."

माझा मुलगा तिला म्हणाला, "घे दोन महिने. न्हाई जमलं तर नांदेडला बँकेच्या परीक्षेचा क्लास. मग चित्रं बंद."

आरती हो म्हणाली. त्या दिवशी तिनं अर्धीच भाकर खाल्ली.

दुसऱ्या दिवशी मी तिला कॉमिकसकट बाकावर घेऊन गेलो. मला दुसरं काय सुचणार?

*

पहिल्यांदा वाचलं सोपाननं. चष्मा पुसून, बोट लावून, एकेक चित्र तपासत. तासाभरानं वही मिटली आणि उसासा टाकला.

"बरी हाय गोष्ट. पर शेवट लय वाईट केलास पोरी. राजा झाला, लढाई जिंकला, मग बारका झाला आन् शेवटाला ट्रकखाली गेला की गं!"

आरतीला काही कळेना. मग उलगडा झाला. सोपाननं आधी सगळी डावीकडची पानं वाचली होती आणि शेवटाला पोचल्यावर उजवीकडची पानं वाचत माघारी आला होता!

"मामा, असं कुटं वाचतेत का?"

"जाताना डावा रूळ, येताना उजवा. पस्तीस वर्षं तसंच चाललोय."

आम्ही पोट धरून हसलो. सोपान मात्र गंभीर. "हसा. पर मी दोन्हीकडून बघितलंय. इकडून जा का तिकडून ये, तुजा राजपुत्र जिथल्या तिथंच हाय. कुटं म्हणून बदलंना!"

आरतीचं हसू थांबलं. तिनं पेन्सिल काढली.

*

खाजाभाईंना वाचता येत नाही. आरती त्यांना चित्रं दाखवत गोष्ट सांगायची. राजपुत्रानं अजगर मारला, खाजाभाईंनी मान हलवली. राजपुत्र उडाला, मान हलवली. सगळं झाल्यावर विचारलं, "इसको पिछले जनम का सब याद है, बोली ना?"

"हां, चाचा."

"सब?"

"सगळं."

"फिर अम्मा कू एक बार बी याद नै करा?"

आरती वहीची पानं मागं उलटायला लागली.

"बेटी, ट्रक के नीचे गया बेचारा. घर में अम्मा रोटी ढाक के बैठी होगी. और ये उधर अजगर मारते बैठा!"

शांताबाईंनी मला विचारलं, "खाजाभाई कामून डोळे पुसायलेत?" मी म्हणालो, "राजपुत्राची आई वाट बघायलीय." त्या म्हणाल्या, "आगं बाई! मग सांगा की कुणीतरी तिला!"

तिसऱ्या दिवशी वहीत आईचं पान आलं. झाकलेली भाकर आणि दाराकडं लागलेली नजर. एवढंच. खाजाभाई ते पान रोज एकदा बघायला मागायचे.

*

राजकन्येचा खटला शांताबाईंनी चालवला. ही राजकन्या गोष्टीत तीनदा पळवली जाते. दुसरं काहीच करत नाही. रडते, पण केस विस्कटत नाहीत.

"राक्षसाच्या घरी किती दिवस होती म्हणलीस?"

"आठ दिवस, मावशी."

"तितं काय खाल्लं तिनं?"

"ते... दाखवलं न्हाई."

शांताबाईंनी हातातली गाळणी खाली ठेवली. "आठ दिवस लेकराला उपाशी ठेवलंस? आन् वरून तिला नाचायला लावलंस?"

"ते स्वप्न हाय मावशी, नाच..."

"उपाशी पोटी नाचाची सपनं पडतेत व्हय? भजी दिसतेत भजी!"

आता त्या कॉमिकात राजकन्या राक्षसाच्या मुदपाकखान्यात शिरून स्वतःच पिठलं करते. राक्षसाचे पहारेकरी वासानं आत येतात, जेवायला बसतात, आणि ही मागच्या दारानं चालती होते. पळवून नेलेली पोरगी पहिल्यांदाच स्वतःच्या पायानं घरी आली!

शांताबाईंनी चित्र बघितलं आणि म्हणाल्या, "पिठलं पातळ झालंय. पर जाऊ दे, परक्याचं घर हाय."

*

मग राक्षस. त्याचं नाव काळदंष्ट्र. तो प्रत्येक पानावर हसायचा.

सोपान म्हणाला, "हा कामून हसायलाय?"

"मामा, दुष्ट हाय तो."

"दुष्ट मान्य. पर ड्यूटी किती ते किती?"

आरतीनं कपाळाला हात लावला. सोपाननं चहाच्या पुड्याचा कागद उलटा करून त्यावर राक्षसाचा ड्यूटी चार्टच लिहिला. सकाळी सहा ते दोन, गावं जाळणं. दोन ते तीन, जेवण. बुधवारी सुट्टी. "सुट्टीच्या दिवशी काय करतो ते दाखव. माणूस सुट्टीच्या दिवशी कळतो!"

आरतीनं दाखवलं. बुधवार. काळदंष्ट्र अंगणात एकटाच बसलाय, स्वतःचा सदरा स्वतः धुतोय, आणि दोरीवर वाळत घालायला दुसरं कुणाचंच काही नाही. तो हसत नाही.

खाजाभाईंनी वही जवळ ओढली. "अब डर लगा," ते म्हणाले.

*

एकदा आरतीनं सगळ्यांना विचारलं, "तुमाला नवा जन्म मिळाला आन् हे सगळं आठवलं, तर पहिलं काय करताल?"

सोपान म्हणाला, "गुडघे बघीन."

खाजाभाई लाजले. सत्तरीतला माणूस लाजताना मी तेव्हाच बघितला. "बीबी कू ढूंढूंगा. पूछूंगा, इस बार बी मैं-च चलूंगा क्या?"

"आन् ती न्हाई म्हणली तर?"

"फिर अगले जनम में पूछूंगा!"

हे वाक्य आरतीनं जसंच्या तसं राजपुत्राच्या तोंडी घातलं. आधी तिथं चार ओळींची कविता होती.

*

सगळं झालं, एकच अडलं. मागच्या जन्मीच्या त्या साध्या माणसाचं काम काय दाखवायचं? चार दिवस उरले होते. आरती माझ्याजवळ येऊन बसली.

"आबा, गाडी गेली की तुमी लगेच फाटक उघडायचे का?"

"न्हाई. शेवटच्या डब्यामागं पाटी असते. ती बघायची. पाटी दिसली म्हणजे गाडी अख्खी गेली, एकही डबा मागं सुटला न्हाई. मग उघडायचं."

"लोकं हॉर्न वाजवायचे की."

"वाजवू द्यायचे."

ती उठून गेली. चार दिवस खोलीच्या बाहेर आली ती फक्त जेवायला.

तो साधा माणूस मागच्या जन्मी गेटमन झाला, आणि शेवटचं पान तिनं नवं केलं. युद्ध जिंकलंय. सगळं सैन्य वेशीतून आत आलंय, ढोल वाजतायत, लोक नाचतायत. आणि राजपुत्र एकटाच वेशीबाहेर उभा आहे, रस्त्याकडं तोंड करून. अक्षर एकही नाही.

कॉमिक पाठवल्यावर दहा दिवसांनी प्रकाशक बाईंचा फोन आला तेव्हा आम्ही सगळे बाकावरच होतो. आरतीनं स्पीकर लावून फोन बाकावर ठेवला.

"आरती, आता यातली माणसं माणसांसारखी वागतात. आपण पुस्तक करतोय!"

शांताबाईंचं दूध उतू गेलं. कुणी उठलं नाही.

"फक्त ते शेवटचं पान बदला. सगळे आत, आणि हा एकटा बाहेर? वाचकाला वाटेल, चित्र चुकलंय. त्याला आत घ्या, राजकन्येशेजारी उभा करा. एवढं केलंत की छपाईला देते."

आरतीनं माझ्याकडं बघितलं. एक हो म्हणायचं होतं, की सगळं तिच्या पदरात. तिनं ओढणीचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं, परत गुंडाळलं.

"मॅडम," ती हळू म्हणाली, "तो आत्ताच आत न्हाई येणार."

"का पण?"

तेवढ्यात खाजाभाई फोनवर वाकले आणि यार्डात देतात तशा आवाजात ओरडले, "मॅडम, आखरी डब्बा अब्बी नै आया!"

फोन कटला असं आम्हाला वाटलं. सोपान तर बघायला पुढं झुकला.

मग बाईंनी अगदी हळू विचारलं, "कोण राहिलंय मागं?"

आरतीनं पिशवीतून वही काढली आणि झाकलेल्या भाकरीचं पान उघडलं.