अल्टरनेटर गेलं तो रविवार

लेक विमान शिकायला गेली तेव्हा गल्लीतल्या बायका विचारायच्या, बाई, भीती वाटत नाही का? वाटते की! मी काय दगडाची आहे? पण ते लोकांना कशाला सांगायचं. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत चौथीचा वर्ग घेते आणि आमचे हे घनसावंगी ते जालना काळीपिवळी जीप चालवतात. जीपवाल्याची पोरगी विमान चालवणार म्हटल्यावर ह्यांना स्टँडवर आठवडाभर फुकट चहा मिळाला, आणि माझी झोप उडाली.

ती सुट्टीत आली की मी तिला खोदून खोदून विचारायची. बॅटरी उतरली तर? आमच्या जीपची उतरली की पॅसेंजर खाली उतरून धक्का मारतात. वर धक्का कोण मारणार, तुझा मामा? ती हसून लोळायची. मग ताटात भाकरीचे तुकडे मांडून समजवायची. इंजिन फिरलं की त्याच्यासोबत अल्टरनेटर फिरतं, पप्पांच्या जीपमधल्या डायनॅमोसारखंच. ते वीज तयार करतं आणि बॅटरी भरत राहतं. ते गेलं तर उरते नुसती बॅटरी, अर्धा तास धर. "पण इंजिन बंद पडत न्हाई, मम्मी. त्याची ठिणगी वेगळी असती, मॅग्नेटोची. बॅटरी पार मेली तरी पंखा फिरतोच." हे ऐकून मला धीर यायला पाहिजे होता. उलट काळजी करायला अजून एक नाव मिळालं.

तिनंच माझ्या मोबाईलमध्ये ते अ‍ॅप टाकून दिलं. नकाशावर तिचं विमान ठिपक्यासारखं दिसायचं. "कधी मधी गायब होतो तो, घाबरू नको," असं बजावून गेली. घाबरू नको म्हणे! सांगणं सोपं असतं.

त्या रविवारी ती पहिल्यांदा एवढ्या लांब एकटी जाणार होती. वाट आमच्याच भागावरून होती. मी विहारात वंदनेला गेले नाही, अंग दुखतंय म्हणून निरोप पाठवला. एरवी डिझेलचा खर्चा निघत न्हाई म्हणून कुरकुरणाऱ्या ह्यांनीही त्या दिवशी जीप काढली नाही. दोघं मोबाईलवर डोकी घालून बसलो. ठिपका अंबडच्या अंगानं हळूहळू सरकत होता. हे म्हणाले, "बघ, सराटीच्या जवळ आली." आणि ठिपका गेला.

"रेंज गेली असंल," हे म्हणाले. मीही मान डोलवली. गॅसवर दूध होतं ते उतरवलं, परत येऊन बघितलं. नकाशा तसाच, रस्ते तसेच, ठिपका नाही. मोबाईल बंद करून चालू केला. तिला फोन लावला, तो बंद. तो बंदच असणार, विमानात बंदच ठेवतात, हे मला माहीत होतं, तरी पुन्हा पुन्हा लावत राहिले. तिच्या विमानाच्या शाळेच्या ऑफिसात लावला तर कुणीतरी घाईघाईत म्हणाला, "मॅडम, चेक करून सांगतो," आणि ठेवून दिला. चेक करून म्हणजे काय? चेक करण्यासारखं काय झालंय?

मी गच्चीवर गेले. वर बघून बघून मान दुखायला लागली. कुठून तरी घरघर ऐकू आली, बघते तर ट्रॅक्टर. शेजारीण तिच्या गच्चीवरून ओरडली, "काय शोधून राह्यल्या, बाई?" "काही न्हाई, कपडे वाळले का बघून राह्यले," असं म्हणाले. दोरीवर एकही कपडा नव्हता.

खाली आले तर हे जीपची किल्ली घेऊन दारात उभे. "चल जल्दी, अंबडकडं जाऊन बघू."

"कुठं बघायचं? आभाळात?" मी खेकसले.

ते उंबऱ्यावरच बसले. "मीच तिला बारीक असताना स्टेअरिंगवर बसवल्तं," म्हणाले, आणि तोंडावर हात घेतला. इतक्या वर्षांत मी ह्या माणसाला असं बघितलं नव्हतं. चिडून बोलावं की जवळ बसावं, मला काही सुचेना. मी जवळ बसले.

तेवढ्यात फोन वाजला. तीच होती.

"मम्मी, उतरले मी. एकदम बराबर उतरले. अल्टरनेटर गेल्तं."

ती धडाधडा सांगत सुटली. लाल दिवा लागला. एकदा बंद करून पुन्हा चालू करून पाहिलं, आलं न्हाई. मंग रेडिओवर खाली टॉवरला कळवलं आणि एकेक गोष्ट बंद करत गेले. उतरताना वेग कमी करायला पंखांचे फ्लॅप, मागच्या पट्ट्या, खाली करावे लागतात, ते बॅटरीवर चालतात. ते आणि बोलायला एक रेडिओ, एवढ्यापुरती बॅटरी राखून ठेवली.

"आन् ठिपका?" मी विचारलं.

"तो बी मीच बंद केला. आधी टॉवरला सांगितलं, मंग केला. त्याचं यंत्र करंट खातं ना." मग म्हणाली, "मम्मी, ते बटण बंद करताना हात अडला माझा. तू बघत असशील म्हणून."

चांगली झापणार होते मी तिला. आधी कळवता येत न्हाई का, जीव गेला असता आमचा, सगळं ओठावर आलं होतं. ते तिथंच राहिलं. बॅटरी उतरत चाललेली, वर ती एकटी, आणि तिच्या डोक्यात मी.

"किती वेळ अडला?"

"थोडासाच."

"ऐक," मी म्हणाले. माझा आवाज वर्गातल्यासारखा चढला होता. "माझ्यासाठी बिलकुल हात अडू द्यायचा न्हाई. मी इथं रडून रडून मरत असले तरी न्हाई. पहिल्या झटक्यात बंद करायचं. कळलं का?"

"हो."

"हो न्हाई, नीट बोल."

"न्हाई अडू देणार, मम्मी."

वर एकटी असताना ती रडली नसणार. आता मात्र फोनवर हमसून हमसून रडायला लागली, आणि मी तिला गप्प बस म्हणाले नाही.